फोर्डच्या चार सिलिंडरवर जुन्या वळणाचा हॉट रॉड कसा बांधायचा

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून आणि इंजिनाची ताकद वाढवून बनवलेली वेगवान गाडी. हॉट रॉड म्हटलं की डोळ्यांसमोर व्ही-एट येतं, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखं मांडलेलं आठ सिलिंडरचं इंजिन. पण कॅलिफोर्नियातली पोरं फोर्डचे मडगार्ड आणि टप उतरवून मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवायला लागली, तेव्हा बहुतेकांच्या बॉनेटखाली चारच सिलिंडर होते. १९३२ साली फोर्डने ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-एट बाजारात आणलं खरं, पण ते नवं होतं आणि या पोरांच्या खिशाबाहेरचं होतं. मॉडेल ए मात्र मंदीच्या काळात कवडीमोलाने मिळत होती. शिवाय तिच्यासाठी रायली, क्रेगर, विनफिल्ड या मेकरांचे हेड (सिलिंडरवरचं झाकण), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कार्ब्युरेटर तयार मिळत होते. त्यामुळे नीट बांधलेलं चार सिलिंडर पुढची काही वर्षं व्ही-एटला घाम फोडत राहिलं. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. आजही तिच्या शर्यतींमध्ये १९३५ पूर्वीच्या चार सिलिंडर इंजिनांचा वेगळा वर्ग असतो.

या इंजिनाची ताकद वाढवणं सोपं आहे. हेड बदला, कार्ब्युरेटर बदला, एका शनिवारात फरक जाणवेल. अवघड आहे ते वाढलेली ताकद क्रँकला (पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्याला), बेअरिंगला आणि ब्रेकला पेलायला लावणं. म्हणून काम खालून वर न्यायचं आणि हेड सगळ्यात शेवटी. बहुतेक अर्धवट सोडलेल्या गाड्यांमध्ये हा क्रम उलटा झालेला दिसतो: चकचकीत दोन कार्ब्युरेटर बसलेले असतात आणि ऑइल चेंबर कधी उघडलेलंच नसतं.

गाडी कुठली घ्यायची

मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनल्या. सुंदर गाडी, पण पहिल्या कामासाठी नको. २० हॉर्सपॉवर, इंजिनात तेल नुसतं उडवून पोचवायचं, दोनच गिअर, तेही पायाने बदलायचे, आणि पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. फ्रॉन्टेनॅक किंवा राजो या मेकरचं हेड बसवलेली टी म्हणजे वेगळंच शास्त्र आहे.

मॉडेल ए, म्हणजे १९२८ ते १९३१, ही सुरुवातीला योग्य. २००.५ घनइंच म्हणजे ३.३ लिटर, ४० हॉर्सपॉवर तेही २२०० आरपीएमला, हाताने बदलायचे तीन गिअर, चारही चाकांना रॉडने चालणारे ब्रेक. सुटे भाग आजही नवे बनतात. त्यातही रोडस्टर घेता आली तर उत्तम, कारण वजन कमी. कूपे आणि सेडानच्या बॉडीत लाकडाचा सांगाडा जास्त असतो, आणि तो कुजलेला निघाला की सुताराचं कामही गळ्यात पडतं.

इंजिन मात्र १९३२ ते १९३४ चं मॉडेल बीचं मिळालं तर सोडू नका. घनफळ तेवढंच, पण मेन जर्नल, म्हणजे क्रँकचा मुख्य बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, २ इंचाचा, मॉडेल ए मध्ये तो १ पूर्णांक ५/८ इंच. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचा जर्नल दीड इंचाऐवजी १ पूर्णांक ७/८ इंच. मेन बेअरिंगना दाबाने तेल, आणि नंतरच्या बी क्रँकवर फिरताना तोल साधणारी तोलवजनंही आहेत. ब्लॉकच्या बाजूला यांत्रिक पेट्रोल पंपाची जागा दिसली तर ब्लॉक बीचा असण्याची शक्यता मोठी. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीला दर ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो. तिथे खाली वाकून ब्लॉकची ही बाजू बघत फिरणारी माणसं हमखास भेटतात.

कागदपत्रं आधी बघा. मॉडेल ए चा नंबर इंजिनच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो, आणि तोच नंबर चेसिसच्या डाव्या पट्टीवर बॉडीखाली झाकलेला असतो. अमेरिकेत बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद या इंजिन नंबरवर झालेली आहे. शंभर वर्षांत इंजिनं बदललेली असतात. नोंदीतला नंबर एक आणि ब्लॉकवरचा दुसरा, अशी गाडी घेतली तर काम संपल्यावर नोंदणी कार्यालयाच्या खिडकीशी अडकायला होतं. बॉडी उचलल्यावर पहिलं काम म्हणजे चेसिसवरची ती जागा तारेच्या ब्रशने घासून नंबर वाचणं.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट. कॅनडाच्या फोर्ड कंपनीची भारतीय शाखा १९२६ पासून होती आणि मुंबईत गाड्या जुळवल्या जात, त्यामुळे उजव्या स्टेअरिंगच्या मॉडेल ए आपल्याकडेही आहेत. त्यांना हात लावू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो तो ती मूळ रूपात असेल तरच. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की तो मिळत नाही. आपल्याकडे उरल्यात त्या थोड्या. अमेरिकेत सांगाडे, सुटे दरवाजे, एकटे ब्लॉक यांचे ढीग आहेत. कापाकापी तिथेच शोभते.

ब्लॉक उघडल्यावर

पाणी आणि तेल काढा, हेडचे १४ नट सैल करा. हेड निघत नसेल तर मध्ये पटाशी घालून ठोकू नका, पत्रा-गॅस्केटच्या फटीत एकदा चरा पडला की तो तुम्हीच पुढे भरणार. प्लग काढून त्या भोकांतून भेदक तेल सोडा, दोन दिवस थांबा.

ब्लॉक मशीन शॉपला द्यायच्या आधी गरम रसायनात धुऊन घ्या आणि चुंबकीय पावडरने तडे तपासून घ्या. तडे सापडतात ते ठरलेल्या जागी: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारे, आणि पाण्याच्या जॅकेटला बाहेरून गोठून पडलेले. थंडीत पाणी तसंच राहिलेल्या गाड्यांचा हा कायमचा रोग आहे. सीटमधला छोटा तडा नवीन कडक सीट बसवून निभावतो. सिलिंडरच्या आत खोलवर गेलेला तडा असेल तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त पडतं.

बोअर मुळात ३.८७५ इंच. सव्वाशे थाऊपर्यंत वाढवता येतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तेव्हा बोअर बरोबर ४ इंच होतो आणि घनफळ सुमारे २१३ घनइंच. पण भिंतीची जाडी सोनिक यंत्राने मोजून मगच. जुन्या ओतकामात गाभा सरकलेला असतो, एक भिंत जाड तर समोरची पातळ. मी तर म्हणेन, साठ किंवा ऐंशी थाऊवर काम भागत असेल तर तिथेच थांबा. पुढच्या वेळेसाठीही थोडं लोखंड शिल्लक असू द्या.

क्रँक आणि बेअरिंग

खरं इंजिन इथे बनतं, आणि पैसाही इथेच जायला हवा.

मॉडेल ए च्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत, तोलवजनं नाहीत आणि स्ट्रोक सव्वाचार इंचांचा. क्रँक बारीक, लांब आणि लवचिक. २२०० आरपीएमला तो शांत असतो. ३००० च्या पुढे मधला भाग वाकायला लागतो आणि मधलं बेअरिंग ते सहन करतं, काही दिवस. म्हणून क्रँक आधी तड्यांसाठी तपासा, सरळ आहे का ते डायल गेजवर बघा, आणि जमेल तर तोलवजनं लावलेला क्रँक वापरा. पिस्टन आणि रॉड एकमेकांशी एक-दोन ग्रॅमच्या आत जुळवून घ्या, क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्लेट एकत्र बॅलन्स करा. बॅलन्सिंगला जाणारे पैसे लोकांना दिसत नाहीत, त्यामुळे तेच आधी कापले जातात.

मूळ बेअरिंग व्हाइट मेटलचे, थेट ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्ये ओतलेले. कुशल माणसाने ओतलेलं व्हाइट मेटल साध्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालतं. त्याची सवड १ ते दीड थाऊ ठेवायची आणि ती कॅपखालच्या शिमचे पापुद्रे सोलून जुळवायची. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं) वाढलं की प्रत्येक स्फोटाबरोबर त्या मऊ धातूवर घाव बसतो आणि तो हळूहळू चुरतो. माझं मत असं: कॉम्प्रेशन ५.५ पर्यंत ठेवणार असाल तर चांगलं ओतलेलं व्हाइट मेटल चालेल. ६ ला पोचायचं किंवा इंजिन नेहमी ३००० च्या आसपास फिरवायचं असेल तर रॉडना तरी सुट्या शेलचे बेअरिंग बसवून घ्या.

आता तेल. मॉडेल ए मध्ये पंप तेल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने नळ्यांतून मेन बेअरिंगवर उतरतं. रॉडना मात्र पंपाचं तेल मिळत नाही. रॉडच्या कॅपखालची छोटी पळी चेंबरमधल्या ताटलीतल्या तेलात बुडते आणि तेच उडून वर जातं. फोर्डने हे ४० हॉर्सपॉवरसाठी आखलं होतं आणि तेवढ्याला ते पुरतं. तुम्ही ताकद दीडपट करणार असाल तर मेनना दाबाने तेल आणि क्रँकमध्ये तिरकी भोकं पाडून तिथून रॉडना तेल, हा बदल करून घ्या. त्यासोबत पूर्ण प्रवाहाचा फिल्टरही आला. मशीन शॉपवाला अनुभवी हवा. भोकाची कड नीट गोल केली नाही तर तिथूनच क्रँकला तडा जातो.

हेड, व्हॉल्व्ह, श्वास

मूळ कॉम्प्रेशन ४.२२. इतकं कमी की त्या काळच्या हलक्या पेट्रोलवरही इंजिन ठोके देत नसे. नव्याने ओतलेले ५.५ आणि ६ चे फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असणाऱ्या इंजिनाचे सपाट) हेड मिळतात आणि गाडीत सगळ्यात जास्त फरक त्यांचाच जाणवतो. जुनं विनफिल्ड हेड मिळालं तर आनंदच, पण विकत घेण्याआधी त्याच्या पाण्याच्या भोकांच्या कडा टोकदार पेचकसने टोचून बघा. गंजलेलं ओतकाम आतून पोकळ झालेलं असतं.

रायली किंवा क्रेगरचं वरच्या व्हॉल्व्हचं हेड बसवायची इच्छा प्रत्येकाला होते. क्रेगरचं मूळ डिझाइन मिलर-स्कोफिल्डचं, म्हणजे शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या हॅरी मिलरच्या घरातलं. नाव मोठं आणि किंमतही तशीच. खालचं काम पूर्ण झाल्याशिवाय असं हेड आणू नका.

ब्लॉकमध्ये इनटेकची दोनच भोकं, दोन-दोन सिलिंडरांना एक, आणि एक्झॉस्टची चार. म्हणून डाउनड्राफ्ट (हवा वरून खाली ओढणाऱ्या) मॅनिफोल्डवर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर शोभतातही आणि कामही करतात. पण रोजच्या रस्त्यासाठी एक ९७ पुरे. दोन बसवलेत तर दोघांचा थ्रॉटल एकाच क्षणी उघडतो ना ते कानाला रबरी नळी लावून ऐका, नाहीतर चार सिलिंडर दोन मतांनी चालतात.

टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले ठोकळे, बदला. मूळ टॅपेट जुळवता येत नाहीत, सवड कमी पडली तर व्हॉल्व्हचा दांडा घासायचा आणि जास्त पडली तर नवा व्हॉल्व्ह. जुळवता येणारे टॅपेट घातले की ही कटकट संपते. एक्झॉस्टची सवड इनटेकपेक्षा थोडी जास्त ठेवा, तो जास्त तापतो. कॅम घ्याल तो मध्यम घ्या. तळ्यावर पळवायचा कॅम सिग्नलला उभा राहिला की गाडी हलवून सोडतो.

पेट्रोलची टाकी मॉडेल ए मध्ये डॅशबोर्डच्या पुढे, तुमच्या गुडघ्यांवर असते. मूळ कार्ब्युरेटर खाली असल्याने पेट्रोल आपोआप उतरतं. डाउनड्राफ्ट वर बसला की पंप लागतो. दाब अडीच पाउंडांपर्यंत ठेवा, जास्त दाबाला स्ट्रॉम्बर्गची सुई बसत नाही आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ओघळतं. इलेक्ट्रिक पंपाला हाताशी बंद करायचं बटण हवंच.

टायमिंग

मॉडेल ए चं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, जुळवायला लाइट लागत नाही, आणि हे काम करताना मला फोर्डच्या माणसांचं फार कौतुक वाटतं. पुढच्या टायमिंग कव्हरवर एक बोल्टसारखी पिन असते. ती काढायची, उलटी करायची आणि निमुळतं टोक आत दाबून धरत क्रँक हळूहळू हाताने फिरवायचा. कॅमच्या गिअरवर एक खळगा आहे. पिन त्यात खट्कन बसते, बोटाला स्पष्ट कळतं. पहिला सिलिंडर तेव्हा स्फोटाच्या जागी आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा: रोटरचं तोंड पहिल्या प्लगकडे हवं आणि टायमिंग मागे-पुढे करणारा स्टेअरिंगखालचा डावा दांडा पूर्ण वर असताना पॉइंट नुकते उघडायला लागलेले हवेत. पॉइंटची फट १८ ते २२ थाऊ, प्लगची ३५. क्रम १-२-४-३. मग पिन पुन्हा सरळ करून लावा. तशीच आत विसरून स्टार्टर मारला तर पिन तुटेल किंवा गिअर.

मॉडेल बीचा डिस्ट्रिब्युटर ए ला बसतो आणि त्यात वेगानुसार आपोआप पुढे जाणारं टायमिंग आहे. कॉम्प्रेशन वाढवल्यावर हा बदल फायद्याचा, कारण दांडा विसरून पुढेच राहिला की बेअरिंगवर मार बसतो. हँडल मारून गाडी सुरू करणार असाल तर दांडा पूर्ण वर आहे याची दोनदा खात्री करा. उलटा झटका मनगट मोडतो. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, दांडीभोवती गुंडाळायचा नाही.

फ्लायव्हील, गिअर, मागचा अॅक्सल

मूळ फ्लायव्हील साधारण २९ किलोचं आहे. १८ किलोपर्यंत उतरवलं की इंजिन चटकन वर येतं. बाहेरच्या कडेकडून कापा, क्लच बसतो तिथली जाडी कमी करू नका.

मूळ गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, दर वेळी दोनदा क्लच दाबून गिअर बदलावा लागतो. जुन्या हॉट रॉडवाल्यांची आवड म्हणजे १९३९ च्या फोर्डचा तीन गिअरचा बॉक्स, दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो असलेला. इंजिन बीचं असेल तर तो जोडणं सोपं जातं, ए ला अडॅप्टर लागतो आणि टॉर्क ट्यूबची (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतच्या नळीची) लांबीही जुळवावी लागते.

गिअरच्या गुणोत्तराचा हिशेब करूनच निर्णय घ्या. ४.७५-१९ टायरचा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे मैलाला साधारण ७०८ फेरे. मूळ ३.७८ च्या अॅक्सलवर ताशी ६० मैलांना इंजिन जवळजवळ २६८० आरपीएमवर असतं. ३.५४ चा अॅक्सल घातला तर २५०० च्या जवळ. पावणेदोनशे आरपीएमचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तीन बेअरिंगच्या क्रँकला तो लांबच्या प्रवासात चांगलाच जाणवतो. टेकड्यांच्या भागात राहणाऱ्यांनी मात्र ३.७८ सोडू नये.

ब्रेक, स्टेअरिंग, चेसिस

ब्रेक इंजिनच्या आधी पूर्ण व्हायला हवेत. गाडी पळायला लागली की थांबायची आठवण उशिरा होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पासून दिले, आणि १९३९ ते १९४८ च्या गाड्यांचे ड्रम ब्रेक हा या छंदातला जुना, विश्वासू मार्ग. स्पिंडल, मागची पाटी, हब आणि ड्रम हे एकाच संचातले घ्या. वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे जुळवत बसलात तर लेथवाल्याची चांदी होते. मूळ रॉडचे ब्रेक ठेवायचे असतील तर पत्र्याचे ड्रम काढून ओतीव लोखंडाचे घाला, पत्रा तापून फुगतो आणि पॅडल खाली जातं. जुन्या लायनरची पूड हवेने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

गाडी खाली आणायचा सोपा रस्ता म्हणजे मुख्य पाट्याचे डोळे उलटे वळवून घेणं, इंच-दीड इंच तिथेच मिळतं. त्याहून खाली हवं तर ड्रॉप केलेला अॅक्सल. विशबोन (अॅक्सलला चेसिसशी धरून ठेवणारा व्ही आकाराचा दांडा) मधून कापून दोन्ही बाजूंना वेगळी जोडायची फॅशन आहे, पण चार सिलिंडरच्या गाडीत अखंड विशबोन सहसा अडचण करत नाही, मग कशाला कापायची? कापायचीच असेल तर अॅक्सल आय आकाराच्या छेदाचा हवा. एक चाक खड्ड्यात गेलं की विशबोन अॅक्सलला पिळतात. आय छेदाचा पिळला जाऊन परत येतो, नळीचा अॅक्सल पिळ घेत नाही आणि जोड तुटतात. कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगच्या खिळीचा मागे असलेला कल, ५ ते ७ अंशांत ठेवा. स्टेअरिंगचा बॉक्स झिजला असेल तर १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचा बॉक्स बसवणारे बरेच आहेत.

चेसिसच्या पट्ट्या पातळ आहेत. इंजिनच्या मागच्या माउंटजवळ रिव्हेटची भोकं लांबट झाली आहेत का बघा आणि तिथे आतून पट्टी घालून पेटी करा.

बॉडीबद्दल थोडक्यात: काच दोन-तीन इंच कमी करा, मडगार्ड काढा आणि थांबा. मडगार्डशिवायच्या गाडीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी वाचा. चॅनल करून बॉडी चेसिसवर उतरवली की गाडी फोटोत देखणी दिसते आणि आत गुडघे कानाशी येतात.

रेडिएटर आणि पंखा

वाढलेल्या कॉम्प्रेशनबरोबर उष्णताही वाढते. जुन्या रेडिएटरच्या पापड्या नळीपासून सुटलेल्या असतील तर नवा गाभा भरून घ्या. मूळ दोन पात्यांचा पंखा मुळापाशी आतून चिरतो आणि चालत्या गाडीत पातं निघून बॉनेट फाडतं. तो भिंतीवर लावा, गाडीत नवा घाला.

पहिल्यांदा सुरू करताना

चेंबरमध्ये तेल ५ क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर वरून व्हॉल्व्हच्या कप्प्यात ओता म्हणजे मेन बेअरिंग कोरडे राहणार नाहीत. प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, तेलाचा दाब किंवा कप्प्यातलं तेल वर आलेलं बघा, मगच प्लग लावा. इंजिन धरलं की घुमवत बसू नका, मध्यम वेगावर वीस मिनिटं चालू ठेवा, पाणी कुठे गळतं ते शोधा. गार झाल्यावर हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने ५५ फूट-पाउंडला पुन्हा ताणा, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर आणखी एकदा.

पहिले ५०० मैल ताशी ४० च्या आत आणि एकाच वेगात जास्त वेळ नको. पहिलं तेल पन्नास-शंभर मैलांतच काढा आणि उथळ पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात तिरपं धरा. बारीक करडी धूळ दिसली तर ती रिंगा बसताना येते, चालेल. चांदीसारखे चपटे कण दिसले तर ते व्हाइट मेटल आहे: गाडी उभी करा, चेंबर उतरवा आणि रॉडच्या कॅप एकेक करून तपासा, सुरुवात तिसऱ्या-चौथ्या रॉडपासून नाही तर जो रॉड हाताने हलवून टकटक करतो त्याच्यापासून.